मोरीतला बागुलबुवा

सदर : ओटीवरच्या गप्पा

मंडळी, यंदाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्या पुढेमागे जे कोणी उभे होते, त्यांना मी एकच प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं, हे काहींच्या लक्षात असेल. "लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? साप, भूत, अंधार आणि गणिताचा पेपर सोडून सांगा." हा प्रश्न दिवाळी अंकातल्या या सदरासाठी आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून उत्तरं अगदी खरी मिळाली. आणि नावं छापणार नाही हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे सगळे निवांत वाचतील.

पहिलं उत्तर मिळालं ते मोरीचं. चाळिशी ओलांडलेले, चांगल्या हुद्द्यावरचे गृहस्थ. वाड्यातल्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती. आंघोळीचं पाणी सगळं वाहून गेलं की शेवटी त्या भोकातून गुडगुड आवाज यायचा आणि यांना वाटायचं, पाणी गेलं तसे एक दिवस आपणही जाणार. "अजूनही टबमधून बाहेर पडल्याशिवाय मी बूच काढत नाही," असं ते म्हणाले आणि वरणाची वाटी घेऊन लगबगीने पुढे गेले.

नागपूरच्या एकीला संत्र्याची बी गिळल्याची भीती होती. पोटात झाड उगवणार, फांद्या कानातून बाहेर येणार. दापोलीकडच्या एकाला शिमग्यातल्या संकासुराची. काळे कपडे, डोक्यावर टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. ती घुंगरं पाखाडीवर वाजली की हा धान्याच्या कणगीमागे. आता पन्नाशीला टेकला, तरी इथे डिसेंबरात घोडागाडीच्या घुंगरांचा आवाज आला की मानेवर काटा येतो म्हणे. पुण्याच्या एक ताई बैठकीतल्या पणजोबांच्या फोटोला घाबरायच्या. हार घातलेले पणजोबा खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी बघतच राहायचे.

लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका होते. त्यांची भीती थेट आभाळातून आलेली. जुलै १९७९मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, असं वर्तमानपत्रांत रोज येत होतं. ती पडली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि समुद्रात, पण आपल्याकडे गावोगावी लोक घाबरलेले होते. काका तेव्हा शाळकरी पोर. कितीतरी दिवस ते डोक्यावर पाटी धरून शाळेत जायचे. "आता हसू येतं, पण विमान फार खालून गेलं की आजही मान आपोआप आत जाते," ते म्हणाले.

आणि एका मैत्रिणीचं उत्तर आपल्यापैकी निम्म्या जणांचं असणार : बोहारीण! "तू आमची नाहीसच, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय तुला," हा विनोद मराठी घरांत कुणी कुणाला ऐकवला नसेल? हिला तो विनोद वाटलाच नाही. दुपारी गल्लीत "भांडीऽऽय" अशी हाक आली की ही गच्चीवर जाऊन बसायची. बोहारणीने मन बदललं आणि पातेलं परत मागितलं तर?

सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी दिसली. आधी प्रत्येक जण हसला. मग आवाज जरा खाली आला आणि "तशी अजूनही थोडीशी वाटते बरं का" हे वाक्य आलं. त्या दुसऱ्या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मी आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. एम.ए. मराठी साहित्यातलं, पण मुलांबद्दल जे काही कळलं ते तिसरीच्या वर्गात. एकदा मटकीला मोड आणून बियांचं अंकुरण शिकवून झालं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा पाणी प्यायला तयार होईना. मधल्या सुट्टीत नाही, डबा खाल्ल्यावर नाही. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मी त्याला जवळ बसवून घेतलं. बऱ्याच वेळाने त्याने कानात सांगितलं की आदल्या रात्री त्याने कलिंगडाची बी गिळली होती. बी रुजायला पाणी लागतं ना बाई? मग पाणीच नाही दिलं तर ती रुजणार नाही.

विचार करा, या पोराचं कुठे चुकलं? शिकवलेलं त्याला नीट समजलं होतं. कारण आणि परिणाम त्याने बरोबर जोडले होते. त्यावर उपायही शोधला होता आणि तो निर्धाराने पाळत होता. त्याला एकच गोष्ट माहीत नव्हती, पोटात काय असतं ती. मग आम्ही वर्गात दोन वाट्या मांडल्या. एकीत मटकी पाण्यात भिजवून मोड आणायला ठेवली, दुसरीत लिंबाच्या रसात. पोटातही असंच आंबट पाणी असतं, एवढं सांगितलं. चार दिवसांनी पहिल्या वाटीत लांब मोड आले आणि दुसरी वाटी तशीच राहिली. तो मुलगा रोज येऊन दुसऱ्या वाटीत बघत होता. पाणी मात्र त्याने पहिल्याच दिवशी प्यायलं. कुणीतरी आपलं म्हणणं खरं धरून तपासतंय, एवढंच त्याला पुरलं असावं.

लहानपणच्या विचित्र भीतींच्या मागे बहुतेक वेळा असा हिशेब असतो. मोरीचंच घ्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आकारमानाचा अंदाज पक्का नसतो. पाणी एवढं मोठं, टबभर, आणि तेही त्या भोकातून गेलं. मग मी का नाही जाणार? ही भीती जगभरातल्या मुलांना वाटते. इथे लहान मुलांसाठी फ्रेड रॉजर्स यांचा कार्यक्रम कित्येक वर्षं टीव्हीवर चालायचा. तुम्ही त्या भोकातून कधीच जाऊ शकणार नाही, हे समजावणारं अख्खं गाणं त्यांनी मुलांसाठी केलं होतं. आपल्याकडच्या मोठ्या माणसाने "काहीतरीच काय" म्हणून विषय संपवला असता. या माणसाने त्याला चाल लावली.

आपली मुलं जिथे वाढताहेत तिथे मोऱ्या नाहीत, पण आपोआप फ्लश होणारे संडास आहेत. मॉलमध्ये, विमानतळावर. मूल अजून बसलेलंच असतं आणि मागून एकदम धबधबा. माझ्या लेकीने वयाच्या तिसऱ्या वर्षी या एका कारणासाठी बाहेर पाणी पिणं सोडलं होतं. आईपणाच्या शाळेतल्या एका अनुभवी मैत्रिणीने युक्ती सांगितली : पर्समध्ये चिकटचिठ्ठ्या ठेव आणि त्या लाल डोळ्यावर एक चिकटव. चिठ्ठी काढेपर्यंत फ्लश होत नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्याला "राक्षसाच्या डोळ्यावर पट्टी" म्हणतात. ज्यांच्याकडे तान्ही आहेत त्यांनी ही युक्ती लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता थोडं पुस्तकातलं. आपल्या बॉस्टनपासून तासाभरावर वुस्टर आहे. तिथल्या क्लार्क विद्यापीठात सिग्मंड फ्रॉइडचा बाकावर बसलेला पुतळा आहे, कारण १९०९ साली फ्रॉइडने तिथे व्याख्यानं दिली होती. त्यांना बोलावलं होतं विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांनी. या हॉलसाहेबांनी मी महाप्रसादाच्या रांगेत विचारला तोच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुष्कळ लोकांना लेखी विचारला होता आणि उत्तरांवर १८९७मध्ये मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. यादीत सगळ्यात वर होता विजांचा कडकडाट. पण त्यांच्याकडेही चित्रविचित्र भीती येऊन पडल्या होत्या. माझा उद्योग अगदीच जगावेगळा नाही हे वाचून बरं वाटलं.

पुढे १९२०मध्ये जॉन वॉटसन आणि रोझॅली रेनर यांनी बाल्टिमोरला एक प्रयोग केला. आज तो कुणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. वर्षाचंही न झालेलं एक गुटगुटीत बाळ. त्याच्यापुढे पांढरा उंदीर ठेवायचे आणि बाळाने हात पुढे केला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचे. थोड्याच वेळा असं केल्यावर ते बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडू लागलं. मग सशाला घाबरू लागलं, केसाळ कोटाला घाबरू लागलं, दाढीवाल्या सांताक्लॉजच्या मुखवट्यालाही. दापोलीच्या आपल्या मित्राला इथल्या घोडागाडीच्या घुंगरांत संकासुर का ऐकू येतो, त्याचं हे उत्तर. भीती मूळ वस्तूपाशी थांबत नाही. तिच्यासारखं जे जे दिसतं, वाजतं, त्या सगळ्यापर्यंत ती पसरते. त्या बाळाची भीती घालवण्याआधीच त्याला तिथून नेलं गेलं, हे वाचताना आई म्हणून जीव कळवळतो.

याच्या उलट काम केलं मेरी कव्हर जोन्स या बाईंनी, १९२४मध्ये. पीटर नावाने ओळखला जाणारा तीन वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. बाईंनी त्याला आवडतं खाणं दिलं आणि ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवला, इतका लांब की पीटरचं खाणं थांबणार नाही. मग ससा रोज थोडा थोडा जवळ. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही त्याच्या आसपास खेळायला असायची. मध्येच पीटर आजारी पडला, दवाखान्यात राहिला, परत येताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. भीती जशीच्या तशी परत. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडत होता आणि पीटर ते मजेत करू देत होता.

आपल्या आज्यांना हे सगळं पुस्तक न वाचता ठाऊक होतं. कुत्र्याला घाबरणाऱ्या नातवाला कडेवर घ्यायचं, लांबूनच "यूऽ यूऽ" करून कुत्र्याला पोळीचा तुकडा टाकायचा, उद्या तुकडा नातवाच्या हातात द्यायचा. मात्र पीटरच्या गोष्टीतला मधला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेलेली भीती दुखण्यात, दमणुकीत, नव्या धक्क्यानंतर परत येऊ शकते. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, भीतीची नोंद ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मोठेपणी आपण त्या नोंदीवर दुसरी नोंद लिहितो, "ससा काही करत नाही" अशी. जुनी नोंद पुसली जात नाही, खाली असते. परक्या देशात, आजारपणात, एकटं असताना ती वर येते. म्हणून "एवढा घोडा झालास तरी घाबरतोस?" या वाक्याला काही अर्थ नाही.

लातूरकडच्या एक जणी आपल्या मंडळात आहेत. रांगेत त्यांनी काहीच सांगितलं नाही, नंतर भांडी आवरताना सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गाव उशिरा झोपलेलं. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, कारण घरं दगडमातीची आणि वर माळवदाचं जड ओझं. यांचं गाव जरा लांब होतं, घर उभं राहिलं, पण त्यानंतर कित्येक महिने सगळे अंगणात झोपायचे. सात वर्षांच्या मुलीने छताखाली झोपायला नकार दिला तो पुढे दोन वर्षं. आज त्या लाकडी घरात राहतात, इथे भूकंप जवळपास नाहीच. पण पलंगाखाली चपला आणि बॅटरी ठेवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. हॉटेलात गेल्या तरी आधी दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते बघतात. "नवरा आधी हसायचा," त्या म्हणाल्या, "आता तोच माझ्या चपला ठेवतो." याहून चांगला संसार कुठला, मला माहीत नाही.

आता जरा न आवडणारं बोलते. आपल्यातल्या किती भीती आपोआप आल्या आणि किती आपल्याला मुद्दाम दिल्या गेल्या? जेवत नाहीस, बागुलबुवाला देईन. झोपत नाहीस, झोळीवाला येईल. रडतोस, पोलिसाला बोलावते. दुपारच्या वेळी एकटी असलेली आई, चार कामं आणि तीन पोरं, तिला भीती हे फुकटात मिळणारं मदतनीस होतं. तिला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही.

पण त्या भीतीला चेहरा होता आणि तो कुणाचा तरी खरा चेहरा होता. आमच्या गल्लीत पोतराज यायचा. मोकळे केस, कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, हातात आसूड, सोबत डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली त्याची बायको आणि ते गुबूगुबू वाजणारं वाद्य. तो स्वतःच्याच पाठीवर आसूड ओढायचा आणि पसाभर जोंधळे घेऊन जायचा. आम्हाला सांगितलेलं असायचं की तो मुलांना नेतो. पुढे एम.ए.ला लोकसाहित्य शिकताना पोतराजाच्या परंपरेबद्दल वाचलं आणि डोक्यात आलं, त्या माणसाच्या मागे त्याची स्वतःची दोन लहान मुलं उन्हात अनवाणी चालत असायची. त्यांच्याकडे आम्ही कधी बघितलंच नाही, कारण आम्ही दाराआड होतो. बोहारीण, झोळीवाला, पोतराज, रात्रीचा रखवालदार. आम्हाला ज्यांची भीती दाखवली गेली ती सगळी गरीब माणसं होती. मोठेपणी ती भीती जाते, पण अशा माणसापासून दोन पावलं लांब राहायची सवय उरते. आज इथे रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाजवळून जाताना आपण मुलांचा हात का घट्ट धरतो, याचा एकदा विचार करून बघा. मुलं त्या हाताच्या पकडीतून शिकतात.

आमच्या पिढीला एक सोय होती, मात्र. वय वाढलं की कुणीतरी सांगायचं, "अगं, बागुलबुवा नसतोच." आणि ते खरं असायचं.

गेल्या दिवाळीत लेकीला चालताना दिवे लागणारे बूट घेतले. जांभळे, टाचेत लुकलुकणारे. दुकानात ती आनंदाने उड्या मारत होती. दोन आठवडे रोज घातले आणि मग एका सकाळी जुनेच बूट हवेत म्हणून हटून बसली. चावतात का? नाही. कुणी चिडवलं का? नाही. मी रोज संध्याकाळी भाजी निवडताना तिला शेजारी बसवत होते, कारण समोरासमोर विचारलेल्या प्रश्नाला मुलं उत्तर देत नाहीत, हातात काम असलं की देतात. चौथ्या दिवशी मटार सोलताना तिने सांगितलं. शाळेत लॉकडाऊन ड्रिल झालं. बाईंनी दिवे बंद केले, दार लावून घेतलं, सगळ्यांना कोपऱ्यात गुपचूप बसवलं. ही जरा हलली आणि बुटातले दिवे लागले. "मग वाईट माणसाला कळेल ना, आम्ही कुठे आहोत?"

सहा वर्षांची मुलगी. कलिंगडाची बी गिळलेल्या त्या मुलासारखाच हिचाही हिशेब बरोबर होता. फरक एवढाच की इथे लिंबाच्या रसाची वाटी मांडता येत नव्हती. "असं काही नसतं गं" हे मला म्हणता आलं नाही, कारण ते खरं नाही हे तिलाही कुठेतरी माहीत आहे, म्हणून तर शाळा सराव करून घेते. तेव्हा आम्ही दोघी मटार सोलत राहिलो. मी म्हटलं, तू फार नीट विचार केलास. मग म्हटलं, दार बंद करणं आणि मुलांना सांभाळणं हे मोठ्यांचं काम आहे, त्याचा ते खूप सराव करतात. तुझं काम बाईंचं ऐकायचं, बस. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंना भेटले. त्या शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, असं सांगणारी तुम्ही पहिली आई नाही. आता ते बूट शनिवार-रविवारचे आहेत. मी ते परत शाळेत घालायला लावले नाहीत आणि कपाटातही टाकले नाहीत. मोठेपणी तिच्या मनात या दिव्यांचं काय उरेल, मला सांगता येणार नाही. एवढंच बघते की ही गोष्ट तिने एकटीने सांभाळायला नको.

आणि माझी स्वतःची? मी सगळ्यांना विचारलं, तेव्हा माझंही सांगायला हवं. मला रात्रीच्या फोनची भीती वाटायची. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता, अर्ध्या गल्लीने तोच नंबर आपला म्हणून दिलेला. रात्री तो वाजला की आजी अंथरुणात उठून बसायची आणि पुटपुटायची, "कुणाचं काय झालं?" मग काकांच्या चपलांचा आवाज. तो आवाज कुणाच्या दाराशी थांबतो ते ऐकत मी डोळे मिटून पडायची. आमच्या दाराशी तो एकदाच थांबला, पण भीती त्या आधीची आहे.

आता फोन उशाशीच असतो. इथल्या आणि भारतातल्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे दुपारी साडेबाराला मावशीला आठवण झाली तर इथे पहाटेचे तीन किंवा दोन. दोघांचेही आई-वडील तिकडे आहेत आणि सत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाला ही भीती माहीत आहे, तिला मी विचित्र म्हणू शकत नाही. आम्ही त्यावर एक व्यवस्था केली आहे. इथली रात्र असताना फोन करायचा तर आधी एक शब्द लिहून पाठवायचा : "सहज". माझ्या आईने ती इतकी मनावर घेतली आहे की दिवसाउजेडी फोन करतानाही आधी "सहज" येतं. मला अजून दचकायला होतं, पण पडद्यावर तो शब्द दिसला की श्वास परत येतो. भीती गेलेली नाही. लातूरकडच्या मैत्रिणीच्या पलंगाखाली चपला असतात, तसा आमच्या फोनमध्ये हा शब्द असतो.

म्हणून या दिवाळीत एक करून बघा. फराळाच्या ताटाभोवती किंवा भारतातल्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलताना मुलांना तोच प्रश्न विचारायला सांगा. लहानपणी कशाची भीती वाटायची? आजोबांना पाटी डोक्यावर धरून पळताना डोळ्यांपुढे आणलं की मुलांना आपल्या भीतीची लाज वाटणार नाही. मुलं स्वतःची भीती सांगू लागली की चकलीचा घास तोंडात तसाच राहू द्या आणि हसू नका. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ती गोष्ट गंमत म्हणून सांगू नका. आणि भुईनळ्याजवळ जायचं नाही म्हणणाऱ्या पोराला हात धरून ओढू नका. खिडकीच्या आतून बघू दे. पुढच्या वर्षी दारात येईल, त्याच्या पुढच्या वर्षी अंगणात. पीटरला तरी कुठे एका दिवसात जमलं होतं?

तुमच्या घरी काय काय निघालं ते मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगा. नावं याही वेळी छापणार नाही. बोहारणीला घाबरणाऱ्या मैत्रिणीला मात्र एक निरोप : परवा तुझ्या आईशी बोलणं झालं. पातेलं अजून घरात आहे, कुणी मागायला आलेलं नाही.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!